पाठीवरचे बिऱ्हाड, मेळावा आणि वजनकाटा

आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. स्वतःच्या इंजिनावर धावते ते मोटरहोम आणि पिकअपमागे ओढले जाते तो ट्रेलर, असे त्याचे दोन मुख्य प्रकार. अमेरिकेत या घरांचे मालक अर्धा देश ओलांडून मालकांच्या रॅलीला जातात, मैदानात रांगेने मुक्काम ठोकतात आणि परतताना गाडीला नव्या बॅटऱ्या, नवे टायर, छपरावर सौर पॅनेल असे काहीतरी जोडून घेतात. असे मेळावे शंभर वर्षांहून जुने आहेत. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे डिसोटो पार्कात जमलेल्या मोटार-मुसाफिरांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही संघटना काढली. ओळखीची खूण म्हणून ते रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा डकवत. या सगळ्या खटाटोपाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. पुढील संवादात त्या एका शंकेखोराच्या आणि एका हौशी मालकाच्या तोंडी घातल्या आहेत.

शंकेखोर : हिशेब आधी डिझेलचा करावा. विनेबेगो कंपनीचा कारखाना आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या छोट्या गावी आहे आणि तिच्या मालकांचा मोठा मेळावा दर जुलैत तिथेच भरतो. दक्षिण कॅलिफोर्नियातून तिथवरचे अंतर तीन हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन सहा हजार. मोठे मोटरहोम गॅलनला आठ मैल, अर्थात लिटरला जेमतेम साडेतीन किलोमीटर जाते. इंधन गॅलनला साडेतीन डॉलर धरले तरी सोळाशे डॉलरच्या वर खर्च होतो. त्यात टायरची झीज, वाटेतल्या मुक्कामांचे भाडे आणि मेळाव्याची वर्गणी मिळवा. हे सगळे करून मालक जी बॅटरी विकत घेतो, ती त्याच्या दारात कुरिअरने आली असती. मेळाव्यात मिळणाऱ्या सवलतीचे कौतुक फार होते. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा सौदा आहे.

हौशी : बॅटरी दारात येईल, ती बसवणारा येत नाही. आरव्हीची घडणच अशी आहे की तिला एक असा कारागीर नसतो. पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक मोठ्या मोटरहोमांची चासी फोर्डची, डिझेलवाल्यांपैकी अनेकांची फ्राइटलायनरची. त्यावर घर बांधणारा कारखाना वेगळा. फ्रिज, एसी, जनरेटर, छज्जा, पायऱ्या यांचे बनवणारे आणखी वेगळे, आणि प्रत्येकाची वॉरंटीही वेगळी. आत १२ व्होल्टची एक वीज, १२० व्होल्टची दुसरी आणि शिवाय प्रोपेन गॅस. गावातल्या मेकॅनिकला इंजिन कळते, पण भिंतीतली तार कुठून गेली हे कळत नाही. घरगुती इलेक्ट्रिशियनला १२० व्होल्ट कळतात, १२ कळत नाहीत. कारखान्याजवळच्या मेळाव्यात मात्र ती तार ज्यांनी ओढली ती माणसे भेटतात. अलाबामातील रेड बे हे काही हजार वस्तीचे गाव पाहा. टिफिन कंपनीची मोटरहोमे तिथे बनतात. देशभरातून मालक दुरुस्तीसाठी तिथे येऊन कंपनीच्या तळावर नंबर लागेपर्यंत राहतात, आणि त्यांच्या भरवशावर गावात स्वतंत्र कारागिरांची दुकानेही उभी राहिली आहेत.

शिवाय सहा हजार किलोमीटर वाया जात नाहीत. गाडीत काय कमी आहे ते अंगणात उभ्या गाडीत समजत नाही. आय-८० महामार्ग वायोमिंगमध्ये २,६०० मीटरच्या वर चढतो आणि तिथल्या वाऱ्यामुळे उंच व हलक्या गाड्यांना रस्ता अनेकदा बंद ठेवावा लागतो. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा तर ३,४०० मीटरवर आहे. टर्बो नसलेले इंजिन तिथे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गमावते. उताराला ब्रेक किती तापतात, आडव्या वाऱ्यात मागची बाजू किती झोलते, कोणत्या कपाटाची कडी सुटते, हे सगळे या रस्त्यांवर उघडे पडते. मालक मेळाव्याला पोहोचतो तो यादी घेऊनच.

शंकेखोर : ही यादीच खरी तक्रार आहे. जी वस्तू विकत घेतल्यावर तिची चाचणी ग्राहकाने डोंगरात घ्यायची आणि उणिवा स्वतःच्या पैशाने भरायच्या, ती वस्तू अर्धीच विकली गेली असे म्हणायला हवे. या धंद्याचे केंद्र इंडियानातील एल्कहार्ट परगण्यात आहे. २०२१ मध्ये, कोविडच्या साथीच्या काळात सगळ्यांना मोकळ्या हवेची ओढ लागली तेव्हा, अमेरिकी कारखान्यांनी ६ लाखांहून अधिक आरव्ही बाहेर काढल्या. तो उच्चांक होता. त्या वेगात बांधलेल्या घरांतले सैल स्क्रू आणि झिरपणारे सांधे कोणी तपासले? मालकांनीच. सदोष मोटारीपासून ग्राहकाला वाचवणारे कायदे राज्याराज्यांत आहेत, परंतु बऱ्याच राज्यांत मोटरहोमचा राहण्याचा भाग त्यांतून वगळलेला आहे. चासी बिघडली तर दाद मागता येते, छप्पर गळले तर वॉरंटीचा कागद धरून बसायचे. अशा वेळी मेळाव्यातल्या दुरुस्तीला 'अपग्रेड' म्हटले की कारखान्याची चूक ग्राहकाची हौस होऊन जाते.

हौशी : दोन्ही गोष्टी एकाच मैदानात घडतात हे खरे. गळका सांधा बुजवणे ही दुरुस्ती आहे आणि तिचे पैसे मालकाने द्यावेत हे बरोबर नाही. पण मालकांनी गाडीत फेरफार करण्याची चाल कारखान्यांच्या ढिसाळपणातून निघालेली नाही, ती आधीची आहे. २० जुलै १९६३ रोजी मेन राज्यातील हिंकली येथे २६ कुटुंबे आपापल्या मोटरहोमांतून खग्रास सूर्यग्रहण पाहायला जमली. विनेबेगोची पहिली मोटरहोमे बाजारात यायला तेव्हा तीन वर्षे अवकाश होता. त्या काळी मोटरहोम हवे तर बहुधा जुनी बस घेऊन तिच्यात स्वयंपाकघर आणि पलंग स्वतः बसवावे लागत. पाण्याची टाकी कुठे ठेवायची, धूर कुठून काढायचा, हे एकमेकांच्या गाडीत डोकावून शिकायचे. त्या ग्रहणाच्या दिवशीच 'फॅमिली मोटर कोच असोसिएशन' स्थापन झाली, ती आज या क्षेत्रातल्या मोठ्या संघटनांपैकी एक आहे. म्हणजे आधी मालकांचे फेरफार, मग संघटना, त्यानंतर मोटरहोमांचे मोठे कारखाने.

ट्रेलर बनवणाऱ्या एअरस्ट्रीम कंपनीचा संस्थापक वॉली बायम याने तर उलट्या टोकाने तेच केले. १९५१ मध्ये तो ग्राहकांचा तांडा घेऊन टेक्सासच्या सीमेवरून मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे निघाला. निघालेल्या ट्रेलरांपैकी थोडेच शेवटपर्यंत टिकले. मोडलेले धुरे आणि तुटलेले जोड पाहून त्याला आपल्या मालाचे दोष समजले आणि पुढचे ट्रेलर सुधारले. पुढे १९५९-६० मध्ये असाच तांडा केप टाऊनहून कैरोपर्यंत गेला.

शंकेखोर : बायम स्वतः तांड्यात होता, हा फरक लहान नाही. खड्ड्यात त्याचाही ट्रेलर आपटत होता. आजच्या मेळाव्यात कारखान्याचे प्रतिनिधी तंबूत बसतात, तक्रारी लिहून घेतात आणि शेजारच्या मंडपात विक्रेते त्या तक्रारींवरचे उपाय विकतात.

(मराठी वाचकाला या वादातली एक गोष्ट परकी वाटेल: मालकाला वाटेल ते गाडीत बसवण्याची इतकी मोकळीक. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कडकपणे वाचले. आपल्याकडे कॅराव्हॅनला घरगुती कारागिरीचा इतिहास फारसा लाभला नाही, याचे एक कारण रस्ते असेल, दुसरे हे. अमेरिकेत लगाम कायद्यापेक्षा वजनाचा आहे, आणि वादाची खरी धार तिथेच लागते.)

शंकेखोर : विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, पण विंचू मंडपात जाऊन त्यात भर घालत नाही. प्रत्येक आरव्हीला कारखान्याने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा असते. दाराच्या आतल्या बाजूला पिवळी पट्टी असते. माणसे आणि सामान मिळून किती भार चालेल, हे मोटरहोमच्या पट्टीवर लिहिलेले असते. ही पट्टी वाचणारे थोडे आणि मानणारे त्याहून थोडे. शंभर गॅलनची पाण्याची टाकी भरली की पावणेचारशे किलोंच्या वर भार तिथेच गेला. त्यात भांडी, हत्यारे, सायकली, कुत्र्याचे खाणे. मग मालक रॅलीला जातो आणि जाड गादी, दुसरा एसी, मोठा इन्व्हर्टर, छपरावर पॅनेल घेऊन येतो. पॅनेलचे वजन छपरावर पडते, म्हणजे वाऱ्यात झोलणारी गाडी आणखी वरजड होते. झोल कमी व्हावा म्हणून तो हवेच्या पिशव्यांचे सस्पेन्शन बसवतो आणि समजतो की आता गाडी जास्त भार पेलेल. पण दणकट स्प्रिंग लावल्याने धुऱ्याची, चाकांची किंवा ब्रेकची मर्यादा वाढत नाही. वाढतो तो मालकाचा आत्मविश्वास.

टायरचेही असेच. ट्रेलरचे अनेक टायर ताशी सुमारे १०५ किलोमीटरच्या वेगासाठीच बनवलेले असतात, आणि ते झिजून जाण्याआधी वयाने कडक होऊन फुटतात. बाजूवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी तो तयार झाला ते सांगतात. वरची नक्षी नवी दिसते म्हणून सहा-सात वर्षांचे टायर घेऊन, जादा भाराने, जुलैच्या उन्हात वाळवंट ओलांडणारे किती असतील! त्यांना मंडपातली गादी आधी दिसते.

हौशी : वजनाचा मुद्दा मान्य, आणि म्हणूनच मेळावा हवा. ट्रक थांब्यावरच्या काट्यावर धुऱ्याचे वजन कळते, डाव्या आणि उजव्या चाकावर किती-किती ते कळत नाही. अनेक मेळाव्यांत प्रत्येक चाकाखाली वेगळी तबकडी ठेवून वजन करून देतात. स्वयंपाकघर, फ्रिज आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला असली की एकूण वजन मर्यादेत असूनही एका कोपऱ्यातला टायर मर्यादेबाहेर दबलेला असतो. हे कळल्यावर मालक टायरमध्ये हवा किती भरायची ते आकड्यावरून ठरवतो, सामान हलवतो, कधी अर्धी टाकी रिकामी ठेवून निघतो. मेळाव्यातली सर्वांत उपयोगी सुधारणा बहुधा हीच असते.

आणि प्रत्येक अपग्रेडने भार वाढतोच असेही नाही. शंभर अँपिअर-अवरची शिसे-आम्लाची बॅटरी साधारण तीस किलोंची. तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरायची. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोंची आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. जुन्या चार बॅटऱ्यांचे काम नव्या दोन करतात. म्हणजे शंभराच्या जवळपास किलो कमी झाले, आणि चार्जच्या फेऱ्या शेकड्यांऐवजी हजारांत मोजायच्या.

शंकेखोर : दोनवर थांबलेला मालक दाखवावा. जागा रिकामी झाली की तिथे चार बसतात. मग साखळी सुरू होते. लिथियम बॅटरी चार्ज होताना इतकी वीज ओढते की साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. जुना कन्व्हर्टर तिला नीट भरत नाही, तो बदला. मोठा इन्व्हर्टर आला की जाड तारा आणि वेगळे फ्यूज आले. शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर आतून बिघडते. म्हणून तिला गरम ठेवणारी पट्टी हवी. इतके करून स्वप्न कोणते, तर हुकअपशिवाय, म्हणजे तळावरच्या विजेच्या जोडणीशिवाय, एसी चालवणे. चार बॅटऱ्यांत मिळून पाच युनिट वीज मावते. छपरावरचा एक एसी सतत चालला तर सुमारे दीड किलोवॅट घेतो. म्हणजे साडेतीन तासांत बॅटरी रिकामी, आणि ॲरिझोनातली रात्र त्याहून लांब असते.

हौशी : एसीसाठी बॅटरी घेणारा फसतो, यात वाद नाही, हे त्याला मंडपात कोणी सांगणार नाही, पण रांगेतला शेजारी सांगतो. अनेक मेळाव्यांत एक दिवस मालक आपापल्या गाड्यांची दारे उघडी ठेवतात आणि इतर जण आत येऊन पाहतात. तिथे विक्रीच्या पत्रकात नसलेल्या गोष्टी दिसतात: पॅनेलवर एसीच्या पेटीची सावली पडून निम्मी वीज कशी जाते, गॅसवर चालणारा जुना फ्रिज काढून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला बसवल्यावर ढगाळ दिवसांत काय हाल होतात, छपराला भोक पाडून तार आत घेणाऱ्याला पुढच्या पावसाळ्यात काय सोसावे लागले. ज्याने तीन वर्षे वापरून पाहिले त्याचा सल्ला फुकट मिळतो, आणि तो पुष्कळदा 'घेऊ नका' असाच असतो.

शंकेखोर : शेजारीही निष्पक्ष नसतो, ज्याने पैसे घातले तो आपली निवड सहसा वाईट म्हणत नाही. त्याहून अवघड प्रश्न बसवण्याचा आहे. मेळावा चार-पाच दिवसांचा. कारागिराला त्यात अनेक गाड्या उरकायच्या असतात, तेही मैदानात गुडघ्यावर बसून, सावली मिळेल तिथे. तारेचे टोक नीट दाबले गेले नाही तर ते पहिल्या दिवशी दिसत नाही. दोन हजार किलोमीटर धक्के खाल्ल्यावर ते तापू लागते. तोवर कारागीर दुसऱ्या राज्यातल्या मेळाव्याला गेलेला असतो. आणि गाडीवाली कंपनी म्हणते, आमच्या तारा तुम्ही कापल्यात.

हौशी : कंपनीने तसे म्हणणे पुरेसे नाही. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, बाहेरचा सुटा भाग बसवला एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे दाखवावे लागते.

शंकेखोर : कायदा न्यायालयात चालतो, गाडी वायोमिंगमध्ये उभी असते. ज्या अपग्रेडची कल्पना 'कोणावर अवलंबून राहू नये' ही, ते मिळवायला वर्षातल्या एका आठवड्यावर, एका गावावर आणि परत न भेटणाऱ्या एका माणसावर अवलंबून राहावे लागते.

हौशी : बसवताना मालक शेजारी उभा राहतो, फोटो काढतो, प्रत्येक फ्यूजची जागा लिहून घेतो. अंगणात आलेल्या कारागिराजवळही उभे राहता येते, पण मैदानात त्याच्याबरोबर आणखी दहा मालक पाहत असतात आणि प्रश्न विचारतात. अवलंबून राहणे संपत नाही. निदान रस्त्यात थांबल्यावर दोष कोणत्या पेटीत आहे हे फोनवर सांगता येते. इतकी शक्ती कोणाला लागते, हा प्रश्न मात्र खरा आहे. ॲरिझोनातील क्वार्टझसाइटजवळच्या ला पोसा या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना घेऊन महिनोन्महिने राहता येते. जागेवर विजेची जोडणी नसते. तिथे हिवाळा काढणाऱ्याला पॅनेल आणि बॅटरी ही चैन नाही.

शंकेखोर : आणि जो वर्षभर खाजगी तळांवरच उतरतो त्याला? ५० अँपिअरच्या एका जोडणीतून बारा हजार वॅट मिळतात. त्यावर दोन एसी, ओव्हन, सगळे चालते. अशा मालकाने छपरावर पॅनेल वाहून न्यायचे ते कशासाठी? गेल्या वर्षी हुकअपशिवाय किती रात्री काढल्या, एवढे मोजले तरी मेळाव्यातली अर्धी खरेदी टळेल.

हौशी : त्या रात्री कमी होत्या कारण बॅटरी नव्हती. दुपारी दोनला पोहोचून विजेचा खांब असलेली जागा पकडायची, म्हणून वाटेतला चांगला तळ सोडून पुढे जायचे, हे बिनबॅटरीच्या मालकाचे वेळापत्रक असते. मागच्या रात्री मोजून पुढची गरज ठरवली तर कुंपणाबाहेर कोणी पडणारच नाही.

शंकेखोर : मग रात्री मोजू नयेत, वीज मोजावी. बॅटरीला मीटर जोडायला फारसा खर्च येत नाही. वर्षभर रोज किती खर्च झाली ते लिहावे आणि पुढच्या मेळाव्याला ती वही घेऊन जावे.

हौशी : कमकुवत बॅटरीवर लिहिलेली वही काटकसर दाखवील. दिवे मालवून बसलेल्या, पंखा बंद करून झोपलेल्या माणसाचा आकडा हा त्याच्या गरजेचा आकडा नव्हे. शिवाय सवलत या वर्षीची, कारागीर आज समोर, आणि गाडी तीन हजार किलोमीटर चालून आलेली.

शंकेखोर : मोठी बॅटरी बसवल्यावरची वही उधळपट्टी दाखवील; आहे म्हणून चालवलेला पंखा आणि कॉफीचे यंत्र तिच्यात गरज म्हणून नोंदले जातील. भार किती झाला ते चार चाकांखालच्या तबकड्या सांगतात. काटकसरीची वही आणि उधळपट्टीची वही यांत कोणती धरून बॅटऱ्यांची संख्या ठरवायची, ते कोणताही काटा सांगत नाही, आणि बसवणाऱ्याला विचारावे तर तो मागाल तेवढ्या बसवून देतो.